गेल्या वर्षीचा किल्ला

दिवाळीच्या सुट्टीत तीन वर्षांच्या मुलाला घेऊन सिमला-मनाली गाठणाऱ्या आईवडिलांना एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. पोरगं दहा वर्षांचं होईपर्यंत त्यातलं बरंचसं विसरलेलं असेल. बर्फही, घोडाही आणि हॉटेलात घातलेला धिंगाणाही. ‘तुम्हाला आठवणारी पहिली गोष्ट कोणती?’ हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ १८९० च्या दशकापासून मोठ्या माणसांना विचारत आले आहेत. पाश्चात्त्य देशांतली उत्तरं सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयापाशी येऊन थांबतात. त्याआधीची पाटी कोरी. फ्रॉइडने याचं खापर दडपलेल्या इच्छांवर फोडलं होतं. ते आता फारसं कुणी मानत नाही.

गंमत म्हणजे, लहानपणी या आठवणी असतात. अमेरिकेत पॅट्रिशिया बाउअर आणि मरिना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या त्यांच्या आयांशी झालेल्या गप्पा टिपून ठेवल्या. विषय साधेच, नुकत्याच घडलेल्या घटनांचे. पुढे काही वर्षांनी त्याच घटनांबद्दल मुलांना विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्यांना चाळीस टक्केही नाहीत. म्हणजे बालपण पुसलं जातं ते बालपणातच. का, याचा एक धागा टोरांटोच्या प्रयोगशाळेत सापडला. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात लहान वयात नव्या पेशी भराभर तयार होतात आणि जुन्या जोडण्या विस्कटतात, असं पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. अर्थात, उंदरांमध्ये.

मग काही आठवणी टिकतात त्या कशाने? याचं सगळ्यात रंजक उत्तर न्यूझीलंडहून आलं. तिथल्या माओरी लोकांची पहिली आठवण सरासरी दोन वर्षं आठ महिन्यांच्या वयातली निघाली, तिथल्याच युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जवळपास दहा महिने आधीची. माओरी घरांत पूर्वजांच्या, वंशावळीच्या, घडून गेलेल्या गोष्टींच्या गप्पा सतत चालतात, हे त्याचं एक कारण संशोधकांनी सुचवलं. एलेन रीस आणि रॉबिन फिवुश यांचं कामही हेच सांगतं. ‘राणीच्या बागेत काय पाहिलं? सांग. अजून काय?’ अशी तोंडी परीक्षा घेणाऱ्या आईच्या मुलापेक्षा, ‘हत्तीने पाणी उडवलं तेव्हा तू मामाच्या मागे लपलास, मग मामा काय म्हणाला?’ असं विचारणाऱ्या आईच्या मुलाला पुढे जास्त आणि तपशिलात आठवतं. आपल्याकडे हे काम आजोळी, तांदूळ निवडता निवडता, फुकटात होत असे. ‘तू ना, एवढीशी होतीस...’ असं सुरू झालं की तीच कहाणी शंभराव्यांदा ऐकायची. आताच्या चौकोनी घरात मोबाइलमध्ये फोटो हजारो, पण ते समोर धरून बोलणारं कुणी नाही. माझ्या मते तोटा तिथेच आहे.

या बोलण्याला एक धोकाही आहे. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि तिच्या सहकाऱ्यांनी वीस मोठ्या माणसांना त्यांचाच लहानपणचा फोटो दाखवला, ज्यात ते गरम हवेच्या फुग्यात बसले होते. फोटो बनावट, फुग्यात कुणी कधी बसलंच नव्हतं. तरी तीन मुलाखतींनंतर निम्म्यांना ती सफर थोडीफार ‘आठवली’. आजीच्या कहाणीतली आपली करामत किती खरी, हे त्यामुळे न विचारलेलंच बरं.

हे सगळं वाचताना मला दिवाळीतला किल्ला आठवत राहतो. विटा, दगड, जुनी पोती, वर चिखलाचा लेप, हिरवळीसाठी पेरलेले हळीव नाहीतर मोहरी, बुरुजांवर मावळे आणि सिंहासनावर महाराज. पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीच्या तोंडावर मातीची ही चित्रं रस्तोरस्ती मांडलेली दिसतात. किल्ल्यात मुलाचे हात कोपरापर्यंत चिखलात असतात. ओल्या मातीचा वास असतो, आणि वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वेळा पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं आहे. उटण्याचा वास आला की कोण कुठल्या वयात जातं, हे वेगळं सांगायला नको. शिवाय किल्ला दर वर्षी होतो, आणि तो रचताना गेल्या वर्षीच्या किल्ल्याची चर्चा होतेच होते. तटबंदी कुणी तुडवली, भुयाराचं तोंड का बुजलं, मावळ्यांची ढाल कुणी हरवली. संशोधकांना जे आयांना शिकवावं लागलं, ते इथे आपोआप घडतं.

दर वर्षीचं एकमेकांत मिसळतं, हेही खरं. दहा किल्ल्यांचा मनात एकच किल्ला होतो. वेगळा उरतो तो ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात वाहून गेलेला.

आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. जागेची अडचण समजते, पण त्यात मुलाला करायला काही उरत नाही. त्याहून अवघड प्रकार म्हणजे हौशी वडील. रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचाच हवा म्हणून ते स्वतः चिखलात बसतात आणि पोरांना पाणी आणायला पिटाळतात. अशा घरात किल्ल्याची आठवण चांगली राहते. फक्त ती वडिलांची असते.