समुद्र फाइलीत कसा मावतो?

मुंबईच्या अपोलो बंदराची समुद्रपातळी एका छोट्याशा मजकुरी फाइलीत मावते. नोंद १८७८ पासूनची. महिन्याला एक ओळ, ओळीत चार रकाने, रकान्यांच्या मध्ये अर्धविराम. फाइलीचं नाव ४३, कारण केंद्रांच्या यादीत मुंबईचा क्रमांक तो. पहिला क्रमांक फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराचा, तिथली नोंद १८०७ पासून सुरू होते. हा खजिना सांभाळते लिव्हरपूलची पीएसएमएसएल ही संस्था, १९३३ पासून. फाइल कुणालाही फुकट मिळते. फक्त नावापुढे 'आरएलआरडेटा' असं शेपूट असल्यामुळे नुसतं डबल-क्लिक करून ती उघडत नाही. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची ते आपणच सांगायचं.

सात मीटर उंच समुद्र? दुसऱ्या रकान्यात सगळीकडे सात हजारांच्या आसपासचे आकडे दिसतात. एकक मिलिमीटर, म्हणजे झाले सात मीटर! घाबरू नका. इथलं शून्यच मुद्दाम सरासरी पातळीच्या साधारण ७००० मिलिमीटर खाली धरलंय. उद्देश एकच, उणे आकडे येऊ नयेत.

तरी एक उणे आकडा भेटतोच: -९९९९९. ज्या महिन्याची नोंद नाही, तिथे हा बसतो. सॉफ्टवेअरला ते कळवलं नाही, तर ते त्याला खरं माप समजतं. मग काय होतं बघा. वर्षातले अकरा महिने ७००० चे धरा आणि एक महिना हुकलेला. अकरांची बेरीज ७७०००, त्यातून ९९९९९ गेले की उरतात -२२९९९. बाराने भागा: -१९१७. एक महिना गहाळ काय झाला, समुद्र जवळजवळ नऊ मीटर खाली गेला! आणि आपण शोधतोय ती वाढ केवढी? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागरातल्या जुन्या नोंदींवरून जो वेग मांडला, तो वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर. इतकी बारीक गोष्ट शोधताना एक चुकीचा आकडा पुरतो. पायथन या संगणकभाषेच्या 'पांडाज' पॅकेजात यावर तीन सूचना पुरेशा आहेत: विभाजक अर्धविराम, शीर्षकाची ओळ नाही, आणि -९९९९९ म्हणजे रिकामं. हवाई विद्यापीठाच्या समुद्रपातळीच्या सीएसव्ही फायलींत मात्र हीच रिकामी जागा -३२७६७ म्हणून येते. म्हणून फाइलीसोबतचं माहितीपत्रक आधी वाचावं, आळस करू नये.

पहिल्या रकान्यातलं १८७८.०४१७ ही तारीख आहे. जानेवारी १८७८, महिन्याचा मध्य. फेब्रुवारी .१२५०, मार्च .२०८३, असं करत डिसेंबर .९५८३. वर्षाचे बारा भाग करून प्रत्येकाचा मधला बिंदू घेतलाय. आलेख काढायला ही पद्धत फार सोयीची: तारखेचं रूप, तिरप्या रेघा, महिना आधी की दिवस आधी, कसलीच भानगड नाही.

शून्यं सांभाळा. शेवटच्या रकान्यात ००० किंवा ००१ अशी खूण असते. ००१ दिसलं तर त्या नोंदीबद्दलची टीप वाचायची. हा रकाना अंक म्हणून भरला की पुढची शून्यं गळतात आणि ००१ चं नुसतं १ उरतं. मजकूर म्हणून भरा.

साडेपाच तासांची गंमत. माझी सगळ्यात आवडती. महिन्याऐवजी तासातासाच्या नोंदी असलेल्या फायलींत वेळ बहुधा ग्रीनिचची असते आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य लाटेचा काळ १२.४२ तास, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास. वेळ बदलायची राहिली, तर जिथे भरती हवी तिथे जवळजवळ ओहोटी दिसते! चूक पकडायला कोकणातला जुना हिशेब कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ आहे, पण मुंबईच्या आलेखात अष्टमीला सहा वाजता ओहोटी दिसली, तर आधी वेळेचा रकाना तपासा.

उतरता आलेख म्हणजे चूकच, असं नाही. स्टॉकहोमची फाइल भरा, रेघ खाली जाते. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर तिथली जमीन अजूनही वर येतेय, समुद्रापेक्षा जलद. अलास्कातल्या जुनोमध्ये तर पातळी वर्षाला सेंटिमीटरहून अधिक उतरते. किनाऱ्यावरचं यंत्र जमिनीवर उभं असतं, त्यामुळे ते समुद्र आणि जमीन यांतला फरकच मोजतं.

फाइल न शोधताही सुरुवात होते. 'आर' या संगणकभाषेतल्या 'ओसीई' या पॅकेजात कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराची २००३ सालची समुद्रपातळी आयती मिळते, शिवाय भरती-ओहोटीचे घटक वेगळे काढणारी आज्ञाही. ते घटक वजा करा आणि २९ सप्टेंबरच्या आसपास बघा. त्या दिवशी 'हुआन' चक्रीवादळ हॅलिफॅक्सवर धडकलं होतं. उरलेल्या रेघेत त्याचा उंचवटा स्पष्ट दिसतो.