पहिला लेथ : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

लाकूड कातण्याची कला फावल्या वेळात घरीच साध्य करावी अशी मनीषा बाळगणारा गृहस्थ लेथ, म्हणजे कातयंत्र, घ्यायला बाजारात जातो, तेव्हा त्याची चौकशी बहुधा मोटार किती अश्वशक्तीची आणि फेरे मिनिटाला किती, या दोन बाबींभोवतीच घोटाळत राहते. आकडा जितका मोठा तितके यंत्र श्रेष्ठ, हा समज त्याच्या मनात इतका दृढमूल झालेला असतो.

वस्तुस्थिती अशी की, लेथच्या कमाल वेगापेक्षा त्याचा किमान वेग अधिक विचारणीय आहे. व्यास वाढतो तसा वस्तूच्या कडेचा वेगही वाढतो. म्हणून इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा, असा एक ठोकताळा कातकाम करणाऱ्यांत रूढ आहे. या हिशेबाने दोन इंची लाटण्याला ३,००० फेरे सोसतात, दहा इंची वाडग्याला मात्र ६०० ते ९०० पुरे होतात, आणि त्याच वाडग्याचा ठोकळा ओबडधोबड व असमतोल असताना तर त्याहूनही सावकाश फिरवावा लागतो. किमान गतीच हजाराच्या घरात असलेले यंत्र अशा कामाला धोक्याचे होय. शक्तीविषयी म्हणाल, तर मोठ्या मोटारीवाचून अडत नाही : आपल्याकडील परंपरागत कातारी दोरीने मागेपुढे फिरणाऱ्या लेथवर, एकाच दिशेच्या फेऱ्यात हत्यार चालवून, नितळ कातीव काम करीत आलेले आहेत.

मोठ्या लांबीचा मोहही असाच. भोवरे, लाटणी, रवीचे दांडे, वाट्या यांसाठी दहाबारा इंच व्यासाचे काम घेणारा, टेबलावर बसणारा, परंतु बिडाचा वजनदार लेथ नवशिक्याला पुरेसा आहे. बिडाचे वजन थरथर शोषून घेते, आणि पत्र्याच्या लांबलचक सांगाड्याला हे साधत नाही. दुकानातच टेलस्टॉक, म्हणजे लाकडाला दुसऱ्या बाजूने टेकू देणारा सरकता भाग, पुढे सरकवून दोन्हीकडची टोके परस्परांना नेमकी भिडतात की नाही हे पाहावे, कारण रंगरंगोटीने झाकलेला दोष या एका परीक्षेत उघडा पडतो. जोडसामान पुढे सहज मिळावे यासाठी मोर्स टेपर क्रमांक २ ची निमुळती बैठक असलेले यंत्र पसंत करावे.

हत्यारांचा मोठा संच घेतला की निश्चिंती, ही समजूत खर्चिक आहे. खरखरीत लाकूड गोल करणारी रुंद गोल पटाशी, नक्षीसाठी लहान गोल पटाशी, एक तिरपी पटाशी आणि तुकडा कापून वेगळा करणारे एक पार्टिंग टूल एवढ्यावर दांड्यांचे सारे काम निभावते; वाडग्यासाठी मात्र त्याची जाड दांड्याची स्वतंत्र गोल पटाशी हवी. पहिली रुंद पटाशी वाडग्यावर चालवणे ही घोर चूक आहे, कारण मुठीत शिरणारा तिचा शेपटा बारीक असतो आणि हिसका बसताच मोडू शकतो. हत्याराचे पोलादही पाहून घ्यावे : हायस्पीड पोलादाचा कठीणपणा सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत टिकतो. साध्या कार्बन पोलादाची धार मात्र ग्राइंडरवर निळी पडली की पाणी उतरलेच म्हणून समजावे.

हत्याराच्या टोकाला बसवायच्या कार्बाइडच्या टिकल्या घेतल्या म्हणजे धार लावण्याची विद्या शिकण्याची गरज उरत नाही, असेही सांगितले जाते. त्या टिकल्या दीर्घकाळ चालतात हे खरे. पण त्यांतील बहुतेक टिकल्या लाकूड कापण्याऐवजी खरवडतात, सबब मऊ लाकडाचे तंतू उचकटतात. माझ्या मते लेथवरच सारी रक्कम खर्ची न घालता, मंद गतीचा, म्हणजे सुमारे १,४४० फेऱ्यांचा ग्राइंडर, त्याला अॅल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे चाक आणि कोन कायम राखणारा टेकू, एवढ्यांची तरतूद आधी करावी.

हातमोजे घातले की हात सुरक्षित, हा समज सर्वांत घातक. फिरते लाकूड मोज्याचा धागा पकडते आणि त्यासोबत बोटेही ओढून नेते. नुसता चष्माही अपुरा. निखळलेला ठोकळा तोंडावर येतो, म्हणून संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. आणि लाकडाची धूळ म्हणजे निरुपद्रवी भुसा नव्हे : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिची गणना मानवास निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात केली आहे, तेव्हा पॉलिशपेपर चालवताना तर श्वासाचा मुखवटा अवश्य बांधावा.