पटावरील खेळाडू

अमेरिकेंतील महाविद्यालयांचे बास्केटबॉलचे सामने म्हणजे चार मित्रांनीं जमून पाहावयाची गंमत, अशी श्रोत्यांपैकीं कोणाची समजूत असल्यास ती प्रथम दूर केली पाहिजे. मार्च महिन्यांत तेथें जी राष्ट्रीय स्पर्धा भरते ती लक्षावधि लोक दूरचित्रवाणीवर पाहतात. तिच्या प्रक्षेपणाच्या हक्कापोटीं कोट्यवधि डॉलर मिळतात. आणि नामांकित संघाच्या प्रशिक्षकाचा पगार पुष्कळदां त्याच्या विद्यापीठाच्या अध्यक्षाहूनहि अधिक असतो. खेळणारा मात्र विद्यार्थी. त्याला फी, खोली, जेवण आणि पुस्तकें एवढेंच मिळावें, असा दंडक एन. सी. ए. ए. या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा-संघटनेनें अनेक दशकें चालविला.

हा खेळ १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या एका शिक्षकानेंच काढला, आणि ही संघटना १९०६ सालची. खेळासाठीं उघड शिष्यवृत्ति देण्याची मुभा १९५६ पासून मिळाली, आणि खेळाडूंच्या भरतीला खरा जोर चढला. उंच, चपळ मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं त्याच्या दारीं प्रशिक्षकांची रीघ लागते. उपवर मुलीच्या बापालाहि इतके हेलपाटे घालावे लागत नसतील! मुलाची आई, त्याचा मामा, उन्हाळ्यांत त्याला खेळविणाऱ्या संघाचा चालक, बूट करणाऱ्या कंपनीचा माणूस, या सर्वांशीं संधान बांधलें जातें. कोणी केव्हां भेटावें, काय द्यावें, काय देऊं नये याचे नियम आहेत. पण जेथें एका मुलाच्या येण्यानें संघाचें भाग्य उघडतें, तेथें मागल्या दारानें पैसा शिरल्यावांचून राहत नाहीं.

आणि तो पकडला गेला कीं शिक्षा कोणाला होते, हें पाहण्यासारखें आहे. ब्रुकलिनचा कॉनी हॉकिन्स १९६१ सालीं आयोवा विद्यापीठांत पहिल्या वर्षाला होता. त्या सुमारास सामन्यांवर जुगार लावून निकाल फिरविणाऱ्यांची चौकशी चालू होती. त्यांतील एका इसमाकडून हॉकिन्सनें २०० डॉलर उसने घेतले होते व ते परतहि झाले होते. त्याच्यावर कधींहि आरोप ठेवला गेला नाहीं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघांतून खेळण्याची त्या वेळीं परवानगीच नव्हती, तेव्हां सामना फिरविणार कोठून? तरीहि विद्यापीठानें त्याला घालविलें, आणि धंदेवाईक खेळाची मोठी लीग, एन. बी. ए., हिनेंहि दार लावून घेतलें. तें न्यायालयाच्या मार्गानें १९६९ सालीं उघडलें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच.

पैशापेक्षां मला अधिक बोचते ती दुसरी गोष्ट. मीं आयुष्य हजेरीपट भरण्यांत घालविलें, म्हणून असेल. केविन रॉस हा कॅन्सस शहरांतील गरीब घरचा मुलगा १९७८ सालीं नेब्रास्कांतील क्रेटन विद्यापीठांत बास्केटबॉलसाठीं घेतला गेला. प्रवेशपरीक्षेंत त्याला ३६ पैकीं ९ गुण. त्याच्या बरोबरीच्या इतरांची सरासरी तेवीस. चार वर्षें तो खेळला. नेमबाजी, बास्केटबॉलचें तत्त्व असे विषय घेऊन त्याची पात्रता टिकविली गेली. तो बाहेर पडला तेव्हां त्याचें वाचन सातवीच्या मुलाइतकें व एकंदर भाषाज्ञान चौथीच्या मुलाइतकें होतें, असें न्यायालयाच्या निकालपत्रांत नमूद आहे. मग हा साडेसहा फुटांहून उंच तरुण शिकागोंतील एका शाळेंत लहान मुलांबरोबर बसून शिकूं लागला! पुढें त्यानें विद्यापीठावर फिर्याद केली. वाईट शिकविलें एवढ्यावरून दावा चालत नाहीं, असें १९९२ सालीं न्यायालयानें सांगितलें. मात्र अभ्यासांत मदत देण्याचें वचन मोडलें काय, एवढाच मुद्दा पुढें चालूं दिला. अखेर ३०,००० डॉलरांवर प्रकरण मिटलें.

अशी उदाहरणें पाहून १९८६ पासून परीक्षेची अट आली: ठराविक विषयांत ४ पैकीं निदान २ सरासरी, आणि प्रवेशपरीक्षेंत १६०० पैकीं ७०० गुण. अट योग्यच; पण तिचा भार पडला कृष्णवर्णी व गरीब मुलांवर, ज्यांच्या शाळांनींच त्यांना शिकविलें नव्हतें. पुढें अट अपुरी पडणाऱ्यांची शिष्यवृत्तिहि बंद करण्याचें ठरलें, तेव्हां जॉर्जटाऊनचे प्रशिक्षक जॉन थॉम्सन १४ जानेवारी १९८९ रोजीं सामन्याच्या आरंभींच मैदानांतून उठून गेले. वर्षभरांत तो नियम सौम्य झाला. अट असावी असें मीहि म्हणेन. परंतु तिचा जाब आधीं शाळेला विचारावा, मुलाला मागाहून.

उलट १३ ऑक्टोबर २०१७ चा निर्णय पाहा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत अठरा वर्षें असे वर्ग चालले कीं, ज्यांना शिक्षक नाहीं, तास नाहीं. शेवटीं एक निबंध दिला कीं गुण. लाभ घेणारे ३,१०० हून अधिक, आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू. संघटनेनें विद्यापीठाला शिक्षा केली नाहीं. कारण? हे वर्ग खेळाडूंप्रमाणें इतरांनाहि खुले होते! त्याच्या सुमारें अडीच आठवडे आधीं सरकारी तपासखात्यानें बास्केटबॉलमधील लांचखोरीबद्दल दहा जणांना पकडलें होतें. बूट-कंपनीच्या पैशांतून ब्रायन बोवेन या खेळाडूच्या वडिलांना एक लक्ष डॉलर द्यावयाचे ठरलें होतें. आपणांस त्याची दाद नव्हती, असें मुलाचें म्हणणें. तो महाविद्यालयाकडून एकहि सामना खेळूं शकला नाहीं.

आतां पैसे घेणें हा अपराध राहिलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं संघटनेविरुद्ध एकमतानें निकाल दिला. त्याच वर्षाच्या १ जुलैपासून खेळाडूला आपल्या नांवावर व प्रसिद्धीवर कमाई करतां येऊं लागली. आणि २०२५ पासून विद्यापीठें स्वतःच वर्षाला सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलरांपर्यंत रक्कम खेळाडूंत वांटूं शकतात. माद्रिदच्या धंदेवाईक क्लबांत तयार झालेला येगोर द्योमिन हा रशियन तरुण २०२४ सालीं ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून उघडपणें खेळला आणि वर्षभरांत एन. बी. ए. मध्यें गेलाहि. भांडण आतां वयाचें व वर्षांचें आहे. पांच वर्षांत चार हंगाम ही जुनी मर्यादा मोडून मिळावी म्हणून खेळाडू न्यायालयांत उभे राहतात, आणि पदवी हातीं असलेले तरुणहि वकील लावून आणखी एक वर्ष पटावर नांव ठेवून मागतात.