मायदेशीं दुकान, अमेरिकेंतून निवृत्तिवेतन

अमेरिकेंत उमेदीचीं वर्षें नोकरींत घालविलेला गृहस्थ साठी उलटल्यावर पुण्यास परततो आणि हौसेनें एखादें दुकान काढतो. तेथील सामाजिक सुरक्षा योजनेचें निवृत्तिवेतन ६२ व्या वर्षापासून घेतां येतें; परंतु १९६० सालीं वा पुढें जन्मलेल्यांना पुरें वेतन ६७ व्या वर्षीं मिळतें, ६२ व्या वर्षीं घेतल्यास शेंकडा ३० कमी. घोटाळा होतो तो या मधल्या पांच वर्षांतच.

परदेशांतील ज्या कामावर अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा कर बसत नाहीं, तें काम महिन्यांत ४५ तासांहून अधिक झालें, कीं त्या महिन्याचें सगळें वेतन रोखलें जातें. त्याच खात्यावर पत्नीला मिळणारें वेतनहि थांबतें. मिळकत किती झाली, हें कोणी विचारीत नाहीं. तोटा आला तरी नियम तोच. शिवाय मालक वा भागीदार दुकानांत पाऊल न टाकतां घरीं बसला, तरी तो कामावर आहे असेंच धरतात. मालकी म्हणजे श्रम, ही व्याख्या मोठी विलक्षणच!

अमेरिकेचें नागरिकत्व राखून स्वतःच्या नांवें धंदा करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला भारतांतूनहि तो कर भरावा लागतो. म्हणून तासांऐवजीं वार्षिक मिळकतीची मर्यादा पाहतात. तोच भारतीय कंपनींत पगारावर राहिला, तर साधारणतः पुन्हां तासांचाच हिशेब.

रोखलेली रक्कम अगदींच बुडाली, असें मात्र नव्हे. ६७ वर्षें पूर्ण झाल्यावर त्या महिन्यांपुरती कपात काढून टाकून मासिक वेतन वाढवून देतात.