एक सभासद, एक मत

अजिंठ्याच्या डोंगराजवळील सिल्लोड तालुक्यांत कापूस, मका आणि मिरची पिकते. तेथील लहान शेतकऱ्यानें दोन पोतीं मिरची एकट्यानें बाजारांत नेली, तर भाव ठरविण्याचें बळ त्याच्या हातीं राहत नाहीं. शंभरांनीं माल एकत्र केला, तर वाहतूक स्वस्त पडते, माल कांहीं काळ साठवितां येतो आणि व्यापाऱ्याशीं बरोबरीनें बोलतां येतें. सहकारी संस्थेचा जन्म या साध्या गरजेंतून होतो.

मग कंपनीहून ती वेगळी कशी? कंपनींत सामान्यतः जितके भाग तितकीं मतें. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यानें मात्र, भाग कितीही असोत, सभासदास एकच मत दिलें आहे. नफ्यांतून राखीव निधी काढावा लागतो. लाभांशालाही मर्यादा आहे. येथें भांडवल मालक नसून चाकर असतें.

१८४४ सालीं इंग्लंडांत रॉशडेल येथील 'पायोनियर्स'नीं नफा खरेदीच्या प्रमाणांत वांटण्याची रीत रूढ केली. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरेच्या शेतकऱ्यांनीं साखर कारखाना उभारला; त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा.

परंतु मत असणें निराळें, तें वापरणें निराळें. सभासद वार्षिक सभेस गेला नाहीं, ताळेबंद वाचला नाहीं, तर संस्था मूठभरांच्या हातीं जाते. आणि ती बुडाली, तर भाग त्याचेच बुडतात. शहरांतील आपली गृहनिर्माण संस्था किंवा सहकारी बँक याला अपवाद नाहीं. पुढच्या सभेची सूचना आली, कीं ती बाजूस न सारतां वाचावी.