बोटं खरंच ‘झडतात’ का?

महारोगाबद्दल बोलताना आपल्याकडे एक क्रियापद हमखास येतं: झडणं. ‘त्याची बोटं झडली’. पानं झडावीत तशी. या एका शब्दात एक अख्खा सिद्धांत लपलाय. रोग मांस आतून कुजवतो आणि अवयव आपोआप गळून पडतो, असा. 1940च्या दशकापर्यंत बऱ्याच डॉक्टरांचीही हीच समजूत होती. ती खोडून काढण्यात मोठा वाटा आहे तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये राहणाऱ्या एका मिशनरी डॉक्टर जोडप्याचा आणि त्यांच्या रोजच्या निरीक्षणांचा.

पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 सालचा, तमिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरातला. आईवडील तिथे मिशनरी होते. पॉल लंडनमध्ये शल्यचिकित्सक झाले, तिथेच डॉक्टरकी शिकणाऱ्या मार्गारेट बेरी यांच्याशी 1943 साली लग्न केलं. 1946 मध्ये पॉल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. पुढच्या वर्षी लहान मुलांना घेऊन मार्गारेट आल्या. चाळिशी गाठणारा उन्हाळा, रुग्णांची गर्दी, हळूहळू सहा मुलांचा झालेला संसार, आणि यातच संशोधन. मार्गारेट यांना तर नेत्रविभागात डॉक्टर कमी आहेत म्हणून डोळ्यांचं काम घ्यायला सांगितलं गेलं. त्यांचं तसं शिक्षण नव्हतं. त्या ते काम करत करत शिकल्या. गावोगावच्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदूची ऑपरेशनं हा त्यांच्या कामाचा नेहमीचा भाग झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुष्ठरोगाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, शरीराच्या तुलनेने थंड भागांत वाढतो. म्हणजे त्वचा, आणि त्वचेच्या जवळून जाणाऱ्या नसा. कोपराजवळची नस निकामी झाली की हाताचे छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटं नखीसारखी वाकतात. पण पुढच्या बाहूतले बरेच स्नायू शाबूत राहतात. पॉल यांनी विचार केला, यातल्या एखाद्या धडधाकट स्नायूचा स्नायुबंध सोडवून तो बोटांना जोडला तर? ऑपरेशनं सुरू झाली आणि बोटं सरळ होऊ लागली.

इथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मांस जर मुळातच सडकं असेल, तर ऑपरेशनची जखम भरायला नको. पण ती इतर कुणाही रुग्णासारखीच भरत होती. आखूड झालेल्या बोटांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर नसा सोडल्या तर ऊती ठीकठाक होत्या. मग बोटं आखूड होतात कशाने?

उत्तर सापडलं ते रुग्णांसोबत दिवस घालवल्यावर. बऱ्या झालेल्या हातांना काम मिळत नव्हतं, आणि सरळ बोटांना भीकही कमी मिळत होती. म्हणून कॉलेजच्या आवारात मातीच्या झोपड्यांची एक छोटी वस्ती उभी राहिली. नाव ‘नवजीवन निलयम’. तिथे रुग्ण सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी बनवत. आता प्रत्येक नवी जखम कुठून आली, हे रोजच्या रोज शोधता येऊ लागलं. कुणी चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उचललं होतं. कुणी हातोडा गरजेपेक्षा कितीतरी घट्ट धरला होता. एकदा गंजलेलं कुलूप पॉल यांना उघडेना, ते एका मुलाने किल्ली पिरगाळून सहज उघडलं. बोट हाडापर्यंत कापलं गेलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळलं, उंदीर कुरतडतात आणि झोपलेल्याला जाग येत नाही. यावर उपाय काय, तर घरी जाणाऱ्या रुग्णासोबत एक मांजर द्यायची!

म्हणजे बोटं झडत नव्हती. वेदना कळत नसल्यामुळे ती थोडी थोडी वापरून संपत होती. जखम, जंतुसंसर्ग, मग हाड झिजणं, असा तो क्रम.

डोळ्यांच्या बाबतीत मार्गारेट यांच्यासमोर हेच कोडं होतं. आपण दिवसभर नकळत पापण्या लववतो, कारण बुबुळ कोरडं पडायला लागलं की ते टोचतं. कुष्ठरोगात ही टोचणी जाते, आणि कधी कधी पापणी मिटवणारी नसही जाते. डोळा उघडाच राहतो, कोरडा पडतो, त्यावर व्रण होतात, आणि शेवटी अंधत्व येतं. यावर एक ऑपरेशन केलं जाई. चावण्यासाठी वापरतो त्या कानशिलावरच्या स्नायूची एक पट्टी पापण्यांना जोडायची. मग चावलं की डोळा मिटतो. पण रुग्णाला आठवणीने तोंड हलवावं लागतं, कारण डोळा स्वतःहून काहीच मागत नाही.

1966 साली हे कुटुंब अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेलं. तिथे पॉल यांनी उंदरांच्या तळव्यांवर प्रयोग केले. एका यंत्राने तळव्यावर बेताचा दाब द्यायचा, पण दिवसातून हजारो वेळा. एकदोन दाबांनी काहीच होत नव्हतं. रोज तोच दाब दिला तर आधी तळवा सुजून गरम होई आणि काही दिवसांत जखम उघडे. लांब चालताना तुम्ही-आम्ही नकळत पाय थोडा वेगळा टाकतो, लंगडतो, बसून घेतो. ही सगळी वेदनेची कृपा. बधिर पायाचा माणूस मात्र शेवटपर्यंत त्याच जागेवर भार देत राहतो. म्हणून दाब पसरवणारी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणं आणि पायाला नीट बसणारं प्लास्टर हे उपाय इतके कामी आले.

हे आज का वाचायचं? कारण हीच बधिरता आता मधुमेहामुळे घराघरात आहे. मधुमेहींच्या पायांच्या जखमांवर जगभर वापरलं जाणारं ते प्लास्टर कुष्ठरुग्णांच्या उपचारांतूनच पुढे आलंय. घरात कुणाला बरीच वर्षं साखर असेल, तर त्यांना अनवाणी चालू देऊ नका. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात घालून खडा तर नाही ना, हे बघा. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नका. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हे वाक्य अशा पायाला लागू पडत नाही.

आणि कुष्ठरोगाबद्दल: 1982 पासून बहुविध औषधोपचार आहे, सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो, आणि रोग पूर्ण बरा होतो. पण मेलेली नस बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर लाजायचं नाही, थांबायचं नाही. लवकर दाखवलं तर मांजर पाळायची वेळच येणार नाही.