पायथाच सापडेना

१९२४ साली नॉर्टन एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या वर जाऊन परत आला. त्यानंतरही दहा वर्षं नंदादेवीच्या पायथ्याशी माणूस पोहोचल्याची नोंद नव्हती. माथा राहू द्या, पायथा! बरं, हे शिखर काही दडून बसलेलं नाही. कुमाऊंमध्ये कौसानीला किंवा बिनसरला उतरलात आणि सकाळ स्वच्छ असली, तर चहा पिता पिता नुसत्या डोळ्यांनी दिसतं. उंची ७,८१६ मीटर. कांचनजंगा नेपाळच्या सीमेवर असल्यामुळे, सर्वस्वी भारतात असलेल्या शिखरांत सर्वांत उंच हेच.

अडत होतं ते भोवतालच्या डोंगरांपाशी. दुनागिरी, चांगबांग, मैकतोली, त्रिशूल अशा शिखरांचं जवळजवळ ११० किलोमीटर परिघाचं कडं नंदादेवीला वेढून आहे. त्यातली डझनभर शिखरं ६,४०० मीटरच्या वर आणि सर्वांत खालची खिंडसुद्धा पाच हजारांच्या वर. नंदादेवी पूर्व हे ७,४३४ मीटरचं जुळं शिखर या कड्यावरच उभं आहे. मुख्य शिखर मात्र एका धारेने त्याला जोडलेलं, आतल्या बाजूला. आतल्या हिमनद्या वितळून जे पाणी होतं, ते सगळं पश्चिमेच्या एकाच फटीतून बाहेर पडतं. ती फट म्हणजे ऋषिगंगेची घळ. गड बांधणाऱ्याने दरवाजा ठेवलाच नाही, पाणी जायला तेवढी एक मोरी ठेवली, असा हा प्रकार.

मग लोक त्या मोरीतूनच शिरायला बघू लागले. १८८३ मध्ये ग्रॅहम घळीतून हात हलवत परतला. १९०५ मध्ये लाँगस्टाफ पूर्वेकडून कड्यावरच्या एका खिंडीत चढला आणि त्याने वरून आत डोकावून पाहिलं, पण उतरता आलं नाही. दोन वर्षांनी त्याने ७,१२० मीटरचं त्रिशूल सर केलं; नंदादेवीची घळ मात्र त्यालाही दाद देईना. अल्मोड्याचा डेप्युटी कमिशनर राहिलेला ह्यू रटलेज पुन्हा पुन्हा प्रयत्न करून थकला.

१९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन आले. बरोबर अंग थारके, पासंग आणि कुसांग हे तीन शेर्पा. पाच महिन्यांच्या मोहिमेचा दोघांचा मिळून खर्च तीनशे पौंडांच्या आत. (मोठ्या मोहिमांच्या लवाजम्यावर शिप्टनचा आयुष्यभर राग होता, आणि मला तो रास्तच वाटतो.) घळीच्या शेवटच्या काही किलोमीटरांना त्यांना आठवड्याहून जास्त दिवस लागले. खाली फेसाळता प्रवाह, दोन्ही अंगांना उभे कातळ, आणि पाय ठेवायला मिळालीच तर एकाखाली एक तुटत गेलेली अरुंद घसरडी पायरी. एक पायरी संपली की दोराने सामान उतरवायचं किंवा ओढून घ्यायचं आणि पुढची शोधायची.

घळ संपली तेव्हा समोर हिरवी कुरणं होती, रानफुलं होती, निवांत चरणारे भरलांचे कळप होते. वर दीड-दोन हजार नव्हे, तीन हजार मीटरहून जास्त उठलेली नंदादेवी. नकाशावरच्या कोऱ्या जागेत ते पाच जण फिरले, पावसाळ्यानंतर पुन्हा आले, दक्षिण धारेवर थोडे चढून वाट निघू शकते हेही पाहून गेले.

त्याच वाटेने १९३६ मध्ये ब्रिटिश-अमेरिकी चमू चढला. शेवटच्या टप्प्यासाठी ओडेल आणि ह्यूस्टन ठरले होते. ह्यूस्टनला डब्यातलं मांस बाधलं, त्याच्या जागी टिलमन गेला, आणि २९ ऑगस्टला ओडेल-टिलमन माथ्यावर पोहोचले. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसाने माथा गाठलेलं हे सर्वांत उंच शिखर होतं. ओडेल-टिलमन माथ्यावर पोहोचले त्याच दिवशी खाली थरालीला पिंडर नदीच्या पुरात माणसं वाहून गेली. नंदा ही गढवाल-कुमाऊंची माहेरवाशीण. राजजात यात्रेत चार शिंगांच्या मेंढ्याला पुढे घालून तिला सासरी पोहोचवतात. तिच्या डोक्यावर कुणी पाय दिला म्हणून ती कोपली, असं लोक म्हणाले.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा. १९५१ मध्ये मुख्य शिखरावरून पूर्व शिखराकडे धारेने जायला निघालेले दोन फ्रेंच गिर्यारोहक कधीच परतले नाहीत. त्यांना शोधायला पूर्व शिखरावर चढलेल्या तेनसिंगने ती आपली सर्वांत अवघड चढाई मानली, एव्हरेस्टनंतरही. १९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकी आणि भारतीय गुप्तचरांनी प्लुटोनियमवर चालणारं यंत्र वर न्यायला काढलं. हवामान बिघडल्याने ते वाटेत ठेवून माणसं उतरली. पुढच्या वर्षी जाऊन पाहिलं तर यंत्र नाही. आजतागायत सापडलेलं नाही.

१९७४ मध्ये परदेशी मोहिमांना वाट मोकळी झाली. कचरा आणि जंगलतोड इतकी वाढली की १९८३ मध्ये आतला भाग सगळ्यांनाच बंद केला. ऋषिगंगा जिथे धौलीगंगेला मिळते, तिथे रैणी गाव आहे, चिपको आंदोलनातल्या गौरा देवींचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये रौंठी शिखराचा बर्फासकट एक कडा कोसळला आणि खाली ऋषिगंगेतून लोंढा आला. दोनशेहून जास्त माणसं गेली. शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून कारण दाखवून दिलं, तरी रैणीतल्या अनेकांना पहिली आठवण झाली ती त्या हरवलेल्या यंत्राची.